मुदत संपलेलं बेसिक

आमच्या घरी दर रविवारी एक मंडळ भरतं. ‘अंबरनाथ-बदलापूर बेसिक मित्र मंडळ’. लेटरहेड आहे, रबरी शिक्का आहे, व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे. सभासद दोन. अध्यक्ष माझा नवरा राजरत्न आणि सचिव त्याचा मित्र कल्पेश. खजिनदार नेमायचा होता, पण तिसरा माणूस सापडला नाही. मी चहा करते, म्हणून मला जनता धरतात.

बेसिक म्हणजे काय ते सांगते, कारण मला ते लग्नानंतर आठ दिवसांत सांगण्यात आलं होतं आणि तेव्हापासून दर रविवारी सांगतात. कंप्युटरला हुकूम द्यायची ती एक जुनी, सोपी भाषा. हे दोघं मोरिवलीच्या एका कारखान्यात अप्रेंटिस होते तेव्हा पाळी सुटली की उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका सिंधी सरांच्या क्लासला जायचे. तिथे ही भाषा शिकले. पुढे जगानं ती सोडून दिली. यांनी काही सोडली नाही. तीस वर्षांत यांनी हाऊजीचे आकडे पुकारणारा प्रोग्रॅम केला. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती उरलंय ते सांगणारा केला, जे टाकीत डोकावलं तरी कळतं. वापरलं कोणी नाही. माझी तक्रार नव्हती. नवरा रविवारी घरात आहे आणि शुद्धीत आहे, एवढ्यावर बाईनं समाधान मानावं, असं माहेरून सांगूनच पाठवलं होतं.

मंडळ म्हटलं की फूट आलीच. दोन माणसांत फूट पडायला जागा कुठे असते असं तुम्हाला वाटेल. यांनी ती शोधून काढली. ही भाषा लिहायची तर कंप्युटरवर त्याचं साधन लागतं, आणि ते दोन तऱ्हांचं मिळतं. एक फुकट, एक विकत. कल्पेश फुकटवाला. राजरत्न विकतवाला.

आता गंमत बघा. कल्पेश मोरिवलीचा आगरी, वाडवडलांच्या जमिनीवर त्याच्या तीन इमारती उभ्या आहेत, भाडं बसल्या जागी येतं, गळ्यात बोटाएवढी चेन आहे. आणि हा म्हणतो, फुकटचंच घ्यायचं. का, तर जगभरातली माणसं मोबदला न घेता राबून ते बनवतात, आतलं सगळं उघडं ठेवतात, उद्या कुठली कंपनी बुडाली तरी आपलं काम बुडत नाही. बोलताना त्याचे डोळे भरून येतात. मीही तेवीस वर्षं मोबदला न घेता राबतेय, माझ्यासाठी कोणाचे डोळे भरलेले मी पाहिले नाहीत. आणि राजरत्न, केमिकल कंपनीत टेक्निशियन, बदलापूरच्या वन बीएचकेचा हप्ता अजून फिटायचा आहे, तो म्हणतो विकतचंच घ्यायचं. ज्याचे पैसे दिले त्याला जाब विचारता येतो, फुकटवाल्याच्या कॉलरला हात कसा घालणार. घ्यायचं घ्यायचं म्हणतो आणि दर वेळी तीस दिवसांची ट्रायल उतरवून घेतो. जाब विचारायची वेळ येण्याआधीच तीस दिवस संपतात.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते. मग जानेवारीत आईंना झटका आला.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, द्रौपदीबाई, वय चौऱ्याहत्तर. काडेपेटीच्या कारखान्यात पंचवीस वर्षं उभं राहून काम केलेली बाई. विहारातलं महिला मंडळ त्यांच्या आवाजावर चालायचं, माइक बंद पडला तरी सभा बंद पडायची नाही. मला त्या स्वयंपाकघरातून हाक मारायच्या तेव्हा खालच्या मजल्यावरची बाई दचकायची. झटक्यानं उजवा हात अधू झाला आणि बोलणं गेलं. डोकं जागेवर होतं, सगळं कळत होतं, माणूस ओळखत होत्या, फक्त शब्द तोंडापर्यंत यायचा आणि तिथेच अडकायचा. पहिले पंधरा दिवस त्या प्रयत्न करायच्या. घशातून काहीतरी निघायचं, मग चेहरा लाल व्हायचा, मग डावा हात गादीवर आपटायच्या.

उल्हासनगरला तेजस्वी मॅडम आहेत, बोलण्याचे व्यायाम घेतात. त्यांनी तपासलं आणि आम्हा दोघांना बाजूला घेऊन सांगितलं, की पहिले सहा महिने महत्त्वाचे. बोलणं थोडंफार परत येऊ शकतं, पण आजींना सारखं बोलण्यात ओढत राहा. त्यांना उत्तर देता येईल अशी काहीतरी सोय करा, नाहीतर त्या प्रयत्नच सोडतील. एकदा माणूस गप्प राहायला शिकला की पुढे औषध नाही. मग म्हणाल्या, साधा पुठ्ठा घ्या, त्यावर शब्द लिहा, चित्रं चिकटवा, आजी बोट ठेवतील.

रिक्षात बसल्याबसल्या राजरत्नचं सुरू झालं. माझ्या आईला पुठ्ठा. आयुष्यभर भाषणं केलेल्या बाईला पुठ्ठा. मी स्वतः लिहीन आईसाठी प्रोग्रॅम. मोठा टच स्क्रीन, त्यावर बारा मोठी बटणं, बटण दाबलं की आवाज येणार.

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत खोक्यांच्या कारखान्यात डिस्पॅच बघते. दिवसभरात माझ्या हाताखालून हजारांनी पुठ्ठे जातात. त्यातला एक मी घरी आणला असता तर कोणी मला अडवलं नसतं. पण नवरा आईसाठी काही करायचं म्हणतोय, तर करू दे, असं मी मनाशी म्हटलं. खरं सांगायचं तर तेवढीच एक गोष्ट माझ्या डोक्यावरून उतरत होती.

पुढच्या रविवारी दोघं उल्हासनगरच्या बाजारात गेले आणि टच स्क्रीन घेऊन आले. कुठल्याशा बंद पडलेल्या फरसाणवाल्याच्या काउंटरवरचा होता. वर्षानुवर्षं एकच मेनू दाखवून काचेवर त्याचा डाग पडलेला, त्यामुळे स्क्रीन काळा असला तरी कोपऱ्यात ‘दाल पकवान’ पुसट वाचता यायचं. दुकानदार म्हणाला होता, साईं, चलेगा तो बरसों चलेगा. तेवढं मात्र खोटं नाही, अजून चालतोय.

आता लिहायला बसायचं. तर कोणत्या बेसिकमध्ये? तिथे अडलं. कल्पेश म्हणाला, मावशीसाठी करतोय तर कायम टिकणारं पाहिजे, फुकटचंच. राजरत्न म्हणाला, माझ्या आईच्या बाबतीत फुकटचा खेळ नको. दोन रविवार नुसता वाद झाला. माझे चौदा चहा झाले. शेवटी ठरलं की दोघांनी आपापलं बनवायचं आणि ज्याचं चांगलं ते आईंना द्यायचं. म्हणजे घरात बाईचं बोलणं बंद आणि यांची स्पर्धा सुरू.

कल्पेशच्या फुकटच्या बेसिकला मराठी अक्षरं येईनात. ‘पाणी’ लिहिलं की चार रिकामे चौकोन दिसायचे. फोरमवर विचारलं, तर कोणी परदेशी गृहस्थानं मोठ्या प्रेमानं कळवलं की अक्षरं तुम्ही स्वतः काढा, ठिपक्या-ठिपक्यानं. एखाद्यानं कपाळाला हात लावला असता. हा खूश झाला. आता आपणच देवनागरी करायची म्हणाला, आणि ‘क’ पासून सुरुवात केली. एकेका अक्षराला दोन-दोन दिवस. मार्च संपता संपता तो ‘ठ’ पर्यंत पोचला. मी म्हटलं, भाऊजी, पाणी मागायला ‘प’ लागतो. तो म्हणाला, वहिनी, क्रम तोडून चालत नाय.

राजरत्नच्या विकतच्या बेसिकात अक्षरं छान यायची. बटणं तर माऊसनं ओढून ठेवायची, लिहायचीसुद्धा गरज नाही, एका दुपारी व्हायचं काम. पण ट्रायलमध्ये प्रोग्रॅम उघडला की आधी ‘विकत घ्या’ म्हणून पाटी यायची आणि पंधरा सेकंद हलायची नाही. मग हा विकत घ्यायला निघाला. तर त्याचे तीन प्रकार. घरगुती, व्यावसायिक आणि एंटरप्राइझ. घरगुतीत टच चालेल की नाही स्पष्ट लिहिलं नव्हतं. तो रोज ऑफिसातून आला की तिन्हींचा तक्ता उघडून बसायचा आणि आई एंटरप्राइझमध्ये बसते का ते बघायचा. अखेर घरगुती ठरलं, तर बँकेच्या कार्डावरून परदेशात पैसे जाईनात. शाखेत अर्ज दिला. अर्जावर सही जुळेना.

तोपर्यंत तीस दिवस होत आले. मग त्यानं काय केलं असेल? लॅपटॉपची तारीख मागे नेली. जो माणूस फुकट्यांना तोंडावर फुकटे म्हणायचा, तो रोज सकाळी उठून लॅपटॉपमध्ये फेब्रुवारीची वीस तारीख लावायचा. बाहेर एप्रिलचं ऊन पोळत होतं, आमच्या हॉलमध्ये फेब्रुवारी चालला होता.

आणि आई गप्प होत होत्या. मी ते रोज बघत होते, म्हणून सांगते. फेब्रुवारीत घशातून आवाज काढायच्या, मार्चमध्ये नुसते ओठ हलवायच्या, एप्रिलमध्ये तेही थांबलं. गादीवर हात आपटणं थांबलं. गोळी दिली की घेत, खिचडी भरवली की गिळत, टीव्ही लावला की बघत, बंद केला की भिंत बघत. येणारे-जाणारे म्हणायचे, आता किती शांत झाल्या, त्रास नाही देत. तेजस्वी मॅडमनी मात्र एप्रिलच्या शेवटी मला एकटीला विचारलं, की चार महिने झाले, तुम्ही घरी काहीच केलं नाही का. मला इतकी लाज वाटली की मी म्हटलं, चाललंय, सॉफ्टवेअर चाललंय.

त्या दिवशी घरी येऊन मी दोघांना फोनवर ठणकावलं. बुद्धपौर्णिमेच्या आधीचा रविवार. त्या दिवशी जे असेल ते आईंपुढे ठेवायचं. नाही ठेवलं तर स्क्रीन परत दाल पकवानवाल्याकडे जाईल आणि मंडळाचा शिक्का मी गटारात टाकीन.

रविवार आला. राजरत्ननं कार्यक्रमच केला. आईंना नवीन पातळ नेसवलं, खुर्चीत बसवलं, समोर टेबलावर स्क्रीन, बाजूला दोन लॅपटॉप. नशिबानं हार आणला नव्हता. विहारातल्या भीमाबाई आणि आणखी दोघी बायकाही आल्या. दारातूनच भीमाबाईंनी हात जोडले, “जय भीम, आई.” मग तिघी सोफ्यावर बसल्या आणि मला म्हणाल्या, किती छान करतायत ना मुलं. मुलं बावन्न वर्षांची होती.

पहिला कल्पेशचा नंबर. अक्षरं ‘ठ’ वरच अडकल्यामुळे त्यानं ऐन वेळी चित्रं घातली होती. पाण्याचा पेला, चहाचा कप, गोळी, पंखा आणि एक परदेशी कमोड, जो आमच्या बाथरूमपेक्षा बराच ऐसपैस होता. आवाज कंप्युटरचाच, बाईचा, स्टेशनवर घोषणा करते तसा. दाखवायला म्हणून त्यानं पेला दाबला. “मला पाणी हवे आहे.” आईंनी मान उचलून आजूबाजूला बघितलं, कोण आलं म्हणून. दोनशे वर्षांपूर्वीसुद्धा आमच्या घरात ‘हवे आहे’ म्हणून कोणी पाणी मागितलं नसेल.

मग म्हणाला, मावशी, आता तू दाब.

आईंनी डावा हात उचलला. बराच वेळ सगळ्या चित्रांवरून बोट फिरवलं आणि शेवटी खालच्या उजव्या कोपऱ्यात टेकवलं. तिथे काही नव्हतं. चार गुणिले तीन अशी बारा घरं होती, अकरांत चित्रं, बारावं नुसतं राखाडी. कल्पेश म्हणाला, बोट सरकलं, परत दाब. त्यांनी परत तिथेच दाबलं. राजरत्नला आतून आनंद झालेला मला दिसला. हा म्हणाला, फुकटच्यात टच नीट धरत नाही, मी सांगत होतो, आणि वायर काढून आपल्या लॅपटॉपला जोडली.

पंधरा सेकंद ‘विकत घ्या’ ची पाटी आम्ही सगळ्यांनी गुपचूप बघितली. मग राजरत्नची बटणं आली. देखणी होती, नाही म्हणत नाही. गोल कोपरे, आकाशी रंग, ठसठशीत मराठी. आईंनी तीही नजरेखालून घातली. आणि बोट पुन्हा खाली, उजवीकडे, कोऱ्या बटणावर.

“समजत नाहीये आईला,” राजरत्न हळूच म्हणाला. त्यानं तिचं बोट धरून ‘पाणी’ वर नेलं आणि दाबलं. पण त्या बेसिकला फेब्रुवारीची लबाडी नेमकी त्या क्षणी उमगली. आकाशी बटणं गेली, पांढरी चौकट आली. इंग्रजीत होती, पण मलाही वाचता आली, चारच शब्द होते. तुमची मुदत संपली आहे.

चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईनं पाणी मागितलं आणि मशीननं हे उत्तर दिलं. सोफ्यावरच्या दोघींनी पदर तोंडाला लावला, हसू आलं की रडू ते मी विचारलं नाही. दोघा पुरुषांची जुंपली. कल्पेश म्हणाला, तुझ्या कंपनीला विचार ना आता जाब. राजरत्न म्हणाला, तू आधी ‘प’ काढ. मग कॅलिब्रेशन, मग ड्रायव्हर, मग कोणी कोणाला क्लासमध्ये पास केलं होतं ते निघालं. भांडत भांडतच कल्पेशनं वायर परत आपल्या लॅपटॉपला लावली, निदान चित्रं तरी दिसावीत म्हणून.

मी तोवर तापून उठले होते. तोंड उघडणार, की बास झालं, उचला हा पसारा. तेवढ्यात भीमाबाई निघायला उठल्या. आईंच्या पुढ्यात वाकल्या, हात जोडले, “येते आई. जय भीम.” आणि चपला घालायला वळल्या.

आईंचं बोट कोऱ्या घरावर गेलं. एकदा, दोनदा, चार वेळा. नख वाकेल इतक्या जोरानं. डोळे भीमाबाईंच्या पाठीवर होते.

मला एकदम कळलं. भीमाबाई दारात आल्या तेव्हाही आईंचा हात असाच उठला होता, पण तेव्हा समोर स्क्रीन चालू नव्हता. चार महिने लोक येत होते, जय भीम म्हणत होते आणि उत्तराची वाट न बघता माझ्याशी बोलायला लागत होते. ज्या बाईला रस्त्यातल्या पोरानं जय भीम घातला तरी ती थांबून, हात जोडून परत करायची, तिच्याकडे चार महिने लोकांचे जय भीम पडून राहिले होते. आणि ते परत करायला आम्ही तिला कमोडचं बटण दिलं होतं.

आता ही यादी कोणी केली होती? कल्पेशनं नाही. राजरत्ननं नाही. फेब्रुवारीत राजरत्ननं मला फोन केला होता, माया, बारा शब्द दे आईला लागणारे. मी डिस्पॅचला होते, ट्रक लागला होता. चलनाच्या पाठीवर उभ्या उभ्या लिहिले. पाणी, चहा, गोळी, बाथरूम, पंखा, झोप, दुखतंय, भूक, टीव्ही, चादर, डॉक्टर. अकरा झाले, बारावा सुचेना, ट्रकवाला हॉर्न मारत होता, फोटो काढून पाठवून दिला. दोन मिनिटं लागली असतील. तेवीस वर्षं ज्या बाईच्या बोलण्यानं माझे कान किटले, तिचं सगळं बोलणं मी दोन मिनिटांत अकरा शब्दांत बसवलं. तेही सगळे माझ्या सोयीचे. एवढे दिवस मी या दोघांना हसत होते, आणि त्यांना साधन तरी निवडायला चार महिने लागले होते.

मी म्हटलं, “भीमाबाई, थांबा. आई जय भीम म्हणतायत.”

आईंनी माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. पापण्यांखालून पाणी आलं.

राजरत्ननं मोबाईल काढला. गेल्या वर्षीच्या चौदा एप्रिलचा सोसायटीतला व्हिडिओ होता, आई मेणबत्ती लावून कॅमेऱ्याकडे वळतात आणि जय भीम म्हणतात. त्यानं तेवढाच तुकडा कापला. कल्पेश आपल्या खुर्चीतून उठला आणि म्हणाला, बस, तू लिही. माझा नवरा आयुष्यात पहिल्यांदा फुकटच्या बेसिकपुढे बसला. एकच ओळ लिहायची होती, बाराव्या घरावर बोट पडलं की हा आवाज वाजव. त्या घराला अक्षरही लागत नव्हतं आणि चित्रही लागत नव्हतं. दोघांपैकी कोणीही, कशातही, फेब्रुवारीतच लिहू शकला असता.

भीमाबाई चपला काढून परत आत आल्या. आईंनी बोट टेकवलं. “जय भीम,” आईंचा आवाज आला, माइक न लागणारा, खालच्या मजल्यापर्यंत जाणारा. भीमाबाईंनी हात जोडले. सोफ्यावरच्या दोघी उठल्या, त्यांनाही मिळाला. कल्पेशला मिळाला. राजरत्नला दोनदा मिळाला.

सोमवारी मी रजा टाकली. कल्पेशनं आपला लॅपटॉप आमच्याकडेच ठेवला होता. राजरत्न निघताना विचारत होता, की आता ते घरगुती लायसन्स घेऊनच टाकू का, अक्षरं बरी दिसतात त्यात. मी म्हटलं, संध्याकाळी बोलू. दार लावलं आणि आईंसमोर वही घेऊन बसले. म्हटलं, आई, यादी चुकली. आता तुम्ही सांगा. मी एकेक शब्द म्हणायचे, हो असेल तर त्या डोळे मिटायच्या, नाही तर टक लावून बघत राहायच्या. माझ्या अकरांपैकी सात गेले. चादर सगळ्यात आधी गेली. मी नवे शब्द म्हणत गेले, नातवाचं नाव, विहार, खिडकी, लसणाची चटणी. दोन तास झाले. काहीतरी राहत होतं, त्या हात हलवत होत्या, मला सापडत नव्हतं. दमून मी म्हटलं, जाऊ दे आई, आता गोळी घ्या, वेळ झाली. आणि पुढ्यात गोळी धरली. त्यांनी तोंड घट्ट मिटून मान फिरवली. चार महिन्यांत पहिल्यांदा.

मी गोळी परत डबीत टाकली. यादीत ‘नको’ नव्हता. मागायचे अकरा शब्द दिले होते, नाकारायचा एकही नाही. शांत झाल्या, त्रास देत नाहीत, असं आम्ही सगळे म्हणत होतो.

मोबाईलमधले जुने व्हिडिओ चाळले. एका दिवाळीचा सापडला, मी गंमत म्हणून त्यांचं शूटिंग करतेय आणि त्या हात आडवा धरतायत. राजरत्ननं काल कसं केलं ते बघितलं होतं, तसाच तेवढा आवाज कापून चादरीच्या घरावर बसवला. कल्पेशला फोनवर दोनदा विचारावं लागलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, वहिनी, तुम्ही मंडळात या. मी फोन ठेवला.

दुपारी ताटलीत खिचडी घेऊन गेले. रोजच्यासारखी, मऊ, पिवळी, बिनमिठाची. आईंनी खिचडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बटण दाबलं.

“नको गं.”

चार महिन्यांनी मला कोणी ‘गं’ म्हटलं होतं. त्याच ठसक्यात, त्याच वैतागानं, ज्याला मी तेवीस वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या. मी ताटली खाली ठेवली आणि त्यांच्या मांडीवर डोकं टेकून रडले. बराच वेळ रडले. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला, आणि दुसऱ्यांदा बटण दाबलं, कारण खिचडी अजून समोरच होती. या वेळी आवाजाबरोबर त्यांचे ओठही हलले.

मी उठले आणि भाकरीचं पीठ काढलं.